कागदाचा चंद्र

बाकावर स्टूल आणि स्टुलावर यिनश्यू. टाचा उंचावून ती खिडकीच्या वर पिवळ्या कागदाचा चंद्र चिकटवत होती. गोंगबाई स्टूल धरून उभ्या होत्या. बाकीची मुलं खाली बसून ससे कातरत होती. उद्यापासून शरद पौर्णिमेची सुट्टी, त्यामुळे सगळ्यांनाच घाई.

"बाई, दारात कुणीतरी आलंय," जिएमिन म्हणाला. मग निरखून बघत, "यिनश्यू, अगदी तुझ्यासारखी दिसतेय गं!"

कात्र्या थांबल्या.

दारात उभी असलेली स्त्री सणाच्या मूनकेक मिठाईचा लाल डबा पोटाशी धरून होती. गोंगबाईंनी तिला कधी पाहिलं नव्हतं, तरी ही यिनश्यूची आई, हे ओळखायला वेळ लागला नाही. नवरा खाणीत दगावल्यावर ती कामासाठी डोंगग्वान शहरात गेली आणि तिथंच तिनं दुसरा घरोबा केला. पाच वर्षांत एकदाही फिरकली नाही. शाळेत नाव घालताना यिनश्यूच्या आजीनं बाईंचा हात धरून वचन घेतलं होतं: ती आली तर उंबरा ओलांडू द्यायचा नाही.

स्टूल सोडून बाई दाराशी गेल्या आणि वाट अडवून उभ्या राहिल्या.

"आत येता येणार नाही तुम्हाला."

"न्यायला नाही आले, बाई. नुसतं बघते आणि जाते."

"चार वाजता आजी येतात तिच्या."

"ठाऊक आहे. म्हणून तर आत्ता आले."

यिनश्यूनं वळून पाहिलं नव्हतं. चंद्राच्या एकाच कडेवर ती पुन्हा पुन्हा हात फिरवत होती. खळ तिथं केव्हाच बसली होती. मग दुसरी कड गाठायला तिनं अंग झुकवलं आणि स्टुलाचा एक पाय बाकाच्या काठावर सरकला.

मुलं किंचाळली. बाई वळेपर्यंत यिनश्यूची आई त्यांना ढकलून आत शिरली होती. डबा जमिनीवर आपटला. दोन्ही हातांनी तिनं स्टूल छातीशी आवळून धरलं.

"सोडा ते," वरून कोरडा आवाज आला. "बाई धरतील."

गोंगबाई जागच्या हलल्या नाहीत.

"बाई!"

"पोरी, आधी खाली उतर," आई म्हणाली. "मग जाते मी. शपथ."

"काम राहिलंय माझं."

यिनश्यूनं भिंतीला हात टेकला. मग मान न वळवता तिनं विचारलं,

"सरळ लागलाय?"

"उजवीकडे जरासा उतरलाय."

तिनं नखानं कागद सोडवला, वर सरकवला. दाबून बसवायला पुन्हा टाचा उचलाव्या लागणार होत्या.

"सोडू नको हं," ती म्हणाली.

स्टूल धरलेली बोटं पांढरी पडली.

गोंगबाईंनी वर्गाचं दार बाहेरून लोटून घेतलं आणि त्या फाटकाकडे निघाल्या. चढावरून आजी येताना दिसत होती. तिला काय सांगायचं, ते त्यांना अजून सुचलं नव्हतं.