न विझलेला उजेड

बोटाएवढी काचेची कुपी, तिच्यात ताकाच्या निवळीसारखं काहीतरी गढूळ — आणि खोलीतला दिवा मालवल्यावर त्या गढूळपणातूनच हळूहळू वर येणारा निळसर उजेड... कालिंदीनं कुपी डोळ्यांजवळ धरली. जिवाणू सुखात होते. सुखात असले की ते उजळतात, विष भेटलं की मंदावतात. तिचं सगळं काम एवढंच. पण परळच्या या प्रयोगशाळेत कापड रंगवायचं जे नवं रसायन ती आणि तिचा सहकारी हितेंद्र तपासत होते, त्याच्या आधीच्या प्रत्येक नमुन्यानं हा उजेड विझवला होता.

आज बाबाही आले होते, लेक काय करते ते बघायला. लवू परब — गिरणीच्या रंगखात्यात उमर गेली, नखं कायमची काळवंडलेली, आणि जिना चढताना तो खोकला... त्या खोकल्यासाठीच मी हे काम धरलं, असं ती स्वतःला सांगत आली होती.

हितेंद्रनं नव्या नमुन्याचा थेंब कुपीत सोडला, बूच लावलं. आता वाट बघायची. आता उजेड जाईल — नेहमी असाच, कडेपासून काळवंडत... गेला नाही.

"टिकलाय," यंत्रावरचा आकडा पाहून हितेंद्र हळूच म्हणाला. "अजून माशांवरची चाचणी आहे. पण टिकलाय, कालिंदी."

बाबा वाकले. "पावसाळो सरलो काय आमच्या दर्यात असोच उजेड पेटता गो. आमी पोरां हात घालून खेळत रवायचों."

"बाबा, तुमच्या वेळी हे असं कुणी तपासलं असतं तर —"

"आमच्या येळार वास घेवन बघीत," ते हसले, हसताना खोकले. "ता जाव दे. माका धरूक दी."

तिनं ती गार कुपी त्यांच्या ओंजळीत ठेवली. गिरणीवरचा तो जुना संताप येईल म्हणून ती थांबली, जिन्यावर पावलं ऐकून थांबावं तशी... आलाच नाही. त्याच्या जागी नुसता आनंद, थोडा लाजिरवाणा, कुणाच्याही वतीनं नसलेला. म्हणजे मला हे आवडतं? खोकला नसता तरी आवडलं असतं? बाबांच्या शेजारी त्या अंधारात उभं राहून उत्तर शोधायची तिला घाई वाटेना.