उणे एकची खूण

साताऱ्याहून आलेल्या त्या पत्राला शरच्चंद्र लिमये यांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र आषाढात आलं होतं आणि आता लोकांनी दिवाळीचे आकाशकंदील उतरवूनही ठेवले होते. विसरले असते तर बरं झालं असतं; पण दुपारी जेवून आडवं झालं, की त्यातली वाक्यं एकामागून एक समोर येत आणि डोळा लागत नसे.

पत्र साताऱ्याशेजारच्या करंज्याच्या महेंद्र वाघमारे यांचं. तोफखान्यात नोकरी झाली, तिथंच कान गेले, तेव्हा फोन नको, लिहाच, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. ते आणि त्यांची बायको मंगल वस्तीतल्या विहाराशेजारी एक लहान वाचनालय चालवत. वाचकांच्या नोंदींसाठी भाच्यानं प्रोग्रॅम करून दिला होता, आणि त्याच्या पोटात होती शरच्चंद्रांची 'कणगी'. सांगलीच्या कॉलेजात शिकवत असताना त्यांनी लिहिलेली ही डेटाबेस लायब्ररी, म्हणजे नोंदी साठवणारा आणि शोधून देणारा तयार कोड. कुणाला लागला तर लागला, म्हणून इंटरनेटवर फुकट ठेवून दिला होता. ती खरंच कुणी वापरतं हे त्यांना या पत्रानं पहिल्यांदा कळलं, आणि ती चुकते हेही याच पत्रानं कळलं.

'जुना विंडोजचा डबा कवा चालतो, कवा न्हाई,' महेंद्रांनी लिहिलं होतं. 'म्हणून तळहाताएवढा नवा संगणक घेतला. त्यात लिनक्स हाय. भाच्यानं कतारला जायच्या आधी तुमची कणगी त्यावर नव्यानं कंपाइल करून, म्हंजे त्या यंत्राला कळंल अशी करून दिली. एक एरर आली न्हाई. पण यादी उघडली तर मेलेली माणसं जित्यांत परत आलेली. मंगल वारली तवा तिचं नाव मी माझ्या हातानं मिटवलं होतं. तेबी आलंय. नाव दिसतंय, पण दाबलं तर आतलं उघडत न्हाई. ती प्रत्येक वाचकापुढं शेरा लिहायची. स्वतःपुढं काय लिहिलं हे मी कधी बघितलं न्हाई. ते आत हाय का, एवढंच कळवा. न्हाईतर मी आपला जुन्या डब्यावर परत जातो.' सोबत प्रोग्रॅम आणि नोंदींची फाईल असलेला पेनड्राइव्ह होता.

"अहो, त्या माणसाला दोन ओळी लिहायला हात झिजतात का तुमचे?" अनसूयाबाईंनी गणपतीत विचारलं होतं, नवरात्रात विचारलं होतं, आणि आज पुन्हा विचारलं.

"खात्री झाल्याशिवाय काय लिहू?"

"खात्री! लग्नाला होकार कळवायलासुद्धा तुम्ही चार महिने लावले होते. माझ्या बाबांनी दुसरं स्थळ बघायला घेतलं होतं, ठाऊक आहे ना?"

शरच्चंद्रांनी महेंद्रांच्यासारखाच छोटा संगणक मागवून आठवडा झाला होता आणि खोकं फोडायचा धीर होत नव्हता. ते त्यांनी त्या दिवशी फोडलं.

कणगीचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, ते कितीतरी वर्षांनी वाचत होते. इतक्या आत्मविश्वासानं हे लिहिणारा माणूस आपणच का, असं त्यांना वाटलं. चूक मात्र सापडली. कणगी मिटवलेलं नाव पुसत नसे. नुसती त्यापुढं एक खूण करी आणि ते यादीतून लपवी. खूण म्हणजे उणे एक हा आकडा, एका अक्षराएवढ्या जागेत ठेवलेला. त्यांच्या काळच्या यंत्रांवर ते चालून गेलं. पण हा छोटा संगणक लिनक्सवर तसल्या जागेत उणे आकडा मानतच नाही. तिथं उणे एकचे दोनशे पंचावन्न होतात. खूण ओळखू येत नाही आणि मिटवलेलं नाव पुन्हा यादीत येऊन बसतं. मात्र कुठली नोंद फाईलमध्ये कुठं आहे हे सांगणाऱ्या आतल्या सूचीतून ते कधीच गेलेलं, म्हणून उघडत नाही.

सूचीला वळसा घालून थेट फाईल वाचणाऱ्या चार ओळी त्यांनी लिहिल्या. पडद्यावर मंगलबाईंची सगळी नोंद आली. शेराही होता. त्यांनी तो अनसूयाबाईंना वाचून दाखवला.

"'चष्मा बदलून होईपर्यंत नवं पुस्तक नको. महेंद्र वाचून दाखवतात ते पुरे. फार मोठ्यानं वाचतात, सगळी आळी ऐकते.'"

अनसूयाबाई हसल्या. "लिहा आजच," त्या म्हणाल्या.

पण शरच्चंद्रांना आजच लिहिता आलं असतं तर ते शरच्चंद्र कसले! एका यंत्रावर बघून विधान करायचं? त्यांनी लेकीच्या जुन्या मॅकवर कणगी कंपाइल केली. तिथं मंगलबाई लपल्या, जशा लपायला हव्यात. राहिलं विंडोज. आपल्या टेबलावरच्या संगणकावर त्यांनी महेंद्रांचाच प्रोग्रॅम लावला, आणि मिटवलेलं नाव लपतं का हे बघायला यादीतलं कुठलंसं एक नाव मिटवलं.

ते लपलं. पाठोपाठ पडद्यावर एक ओळ आली: साफसफाई पूर्ण.

शरच्चंद्र खुर्चीत मागे टेकले. ही सोयही त्यांचीच. मिटवलेली नावं ठरावीक संख्येपलीकडे गेली, की कणगी आपण होऊन ती सगळी फाईलमधून कायमची काढून टाकी आणि जागा मोकळी करी. डिस्का लहान असण्याच्या काळात त्यांना या कल्पनेचा फार अभिमान वाटला होता. पेनड्राइव्हवरची फाईल त्यांनी थेटच उघडली होती. आधी प्रत काढा, मग हात लावा, हे नोकरीभर पोरांच्या कानीकपाळी ओरडलेले सर, आणि त्यांनी प्रत काढली नव्हती. पेनड्राइव्ह पुन्हा छोट्या संगणकाला लावून पाहिला. मंगल वाघमारे कुठंच नव्हत्या.

"गेलं," ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले.

"काय गेलं?"

त्यांनी सांगितलं. अनसूयाबाईंनी गॅस बारीक केला. "पण ही तुमच्याकडची फाईल ना? त्यांची त्यांच्याकडे आहे की."

"आहे. पण ते जुन्या यंत्रावर परत जातो म्हणालेत. तिथं एखादा वाचक वारला आणि त्यांनी त्याचं नाव मिटवलं, की हेच होईल. कदाचित झालंही असेल. पाच महिने झाले, अनसूया."

"मग उद्या सकाळच्या एसटीनं साताऱ्याला जा."

"जाऊन काय करू? त्यांना ऐकू येत नाही. त्यांच्यासमोर बसून एकेक वाक्य कागदावर लिहून दाखवायचं, आणि त्यांनी ते वाचून माझ्याकडे बघायचं... माझ्यानं नाही होणार."

"तर मग इथं बसून लिहा. तो शेरा आठवतोय ना?"

"आठवतोयसं वाटतं. शब्द इकडचे तिकडे झाले असतील तर? बाईंच्या तोंडी मी माझी वाक्यं घालायची?"

"झाले असतील तर तसंच लिहा, की झाले असतील म्हणून." त्या पुन्हा कढईकडे वळल्या. "तुमची चूक कळवल्याशिवाय त्यांना सावध कसं करणार तुम्ही?"

शरच्चंद्र टेबलाशी जाऊन बसले. तीन कागद फाडले, कारण तिन्हींची सुरुवात दिलगिरीनं झाली होती आणि मुद्दा पान उलटल्यावर येत होता. चौथ्यावर त्यांनी पहिलंच वाक्य ठळक अक्षरांत लिहिलं: 'जुन्या विंडोजवर ही फाईल उघडू नका आणि कुठलंही नाव मिटवू नका.' त्याखाली, मंगलबाईंचा शेरा फाईलमध्ये आहे, निदान माझ्याकडच्या प्रतीत होता, मी तो वाचला आणि माझ्या हातून तो नष्ट झाला, हे लिहिलं. मग आठवत होता तसा शेरा. 'आळी' होतं की 'गल्ली', याची खात्री नाही, असंही लिहिलं. छोट्या संगणकावर शेरा वाचायच्या चार ओळी सुवाच्य अक्षरांत उतरवल्या, त्या कुठं आणि कशा टाइप करायच्या तेही लिहिलं, आधी फाईलची प्रत काढा असं दोनदा बजावलं. शेवटी लिहिलं, 'कणगीतली चूक दुरुस्त करणं एका शब्दाचं काम आहे. पण ती केली की मंगलबाईंचं नाव पुन्हा लपेल, म्हणून तुमचं वाचून झाल्याचं कळल्यावरच करीन.'

दुसऱ्या दिवशी पोस्टात स्पीडपोस्टच्या खिडकीशी रांग होती. पुढची माणसं कमी होत गेली तसा त्यांचा हात दोनदा पाकिटासकट खिशाकडे गेला.

"सातारा?" आतल्या मुलीनं पाकीट काट्यावर ठेवत विचारलं.

"हो. कधी पोचेल?"

"उद्या. नाहीतर परवा."

"उद्या नाही का नक्की?"

"आजोबा, एवढी घाई होती तर आधी यायचं की," ती म्हणाली, पण वाईट नव्हती बोलली. तिनं पाकिटावर पट्टी चिकटवली आणि पाठीमागच्या पोत्यात टाकलं.