जुनेराच्या पुस्तकातला पंजा

"लांडगाच आहे! नसला, तर रविवारी भर रिक्षा स्टँडवर गुडघ्यांवर बसून कोल्ह्यासारखा ओरडीन. सगळ्यांदेखत!" करमअलीने छाती ठोकली.

"आन् असला तर?" कोकिळेने डोळे वटारले.

"तर महिनाभर माझी रिक्षा धुवायची. आणि मला विष ठेवू द्यायचं."

कोकिळेचं टाळकं सटकलं. रेवदंड्याच्या खाडीकाठी तिचे बोंबील बांबूंवर वाळत असतात. पंधरा दिवस पहाटे कुठलंसं जनावर खालची रांग साफ करत होतं. नुकसान तिचं, आणि ऊत आला होता शेजारच्या करमअलीला! आखातातून परतून रिक्षा घेतलेल्या ह्या गृहस्थाने काल उंदराचं औषध चोळलेले चार मासे तिच्या बांबूंखाली टाकले होते. तिने वेळीच पाहिले म्हणून बरं. वाऱ्याने पडलेला बोंबील ती उचलून परत लावते. त्यात एखादा विषाचा गेला असता तर?

"माझा माल खाऊन कोण मेला तर तू येशील व्हय जबाब द्यायला?" ती कडाडली. "लागली पैज!"

करमअलीची नात जुनेरा शाळेतलं लांडग्यांवरचं पुस्तक छातीशी धरून उभी होती. "नाना, लांडगे माळरानावर राहतात. चिखलात नाही."

"वाट चुकला असेल."

"चुकून रोज येतो व्हय, मेल्या?" कोकिळा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ओहोटी होती. चिखलात पंजे उमटलेले. जुनेराच्या पुस्तकात लांडग्याचा पंजा खऱ्या मापात छापला होता. तिने ते पान ठशाशेजारी धरलं. चिखलातला पंजा चित्रात बसून वर दोन बोटं जागा उरली.

"पिल्लू असेल," करमअली पुटपुटला.

"पिल्लू एकटं नसतं, नाना. अख्खी टोळी सांभाळते."

"ऐक! जनावराला पोरं सांभाळायची अक्कल हाय, आन् तू विष कालवत बसतोस!"

ठसे धरून तिघं निघाली. ठसे कांदळवनात जायच्या आधी थेट करमअलीच्याच मागच्या दारी आले आणि एका रिकाम्या दगडाभोवती घुटमळले. तिथे त्याची बायको कुबरा भांडी घासत होती.

"कोल्हे आहेत," ती मान वर न करता म्हणाली. "तुम्ही अकरा वर्षं तिकडे होतात. सांजेला ह्या दगडावर माशांची डोकी ठेवायचे मी. ते ओरडायचे, तेवढीच सोबत. तुम्ही आलात आणि घाण नको म्हणालात. पंधरा दिवस झाले बंद करून. मग जातील कुठे?"

"आन् माझे बोंबील गेले ते? आधी सांगायला तोंड न्हवतं?" कोकिळा तिच्यावरही उखडली.

"लांडगा की कोल्हा ते मला विचारलं कोणी?"

रविवारी रिक्षा स्टँडवर अलिबागला जाणाऱ्या सीटा भरत होत्या. करमअलीने टोपी घडी करून खिशात ठेवली आणि गुडघे टेकले. पाच-सहा रिक्षावाले हॉर्न वाजवायला टपलेलेच.

"आधी विषाची पुडी काढ," कोकिळा पाटी डोक्यावर घेऊन समोर उभी राहिली. तिचा राग अजून उतरला नव्हता. त्याने पुडी दिली. तिने ती कमरेला खोचली. "हां. आता ओरड."

"कुई..."

"न्हाय ऐकू आलं! विष कालवताना हात कसा जोरात चालला?"

जुनेराने पुस्तक उघडून गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "नाना, मान वर करायची असते."

करमअलीने मान वर केली, डोळे मिटले, आणि असा ओरडला की स्टँडवरची सगळी कुत्री उठून बसली.