कुणाजवळ राहणार?

प्रशिक्षण दोन दिवसांचं होतं आणि केतकीच्या मते ते श्रीपाद सरांच्या डोक्यावरून गेलं होतं. आईबाप वेगळे झाले की मूल कुणाकडे द्यावं, याचा कोर्टासाठी अहवाल कसा लिहायचा, हे शिकवायला रचना मॅडम बेंगळुरूहून बेळगावला आल्या होत्या. घसा कोरडा करून त्यांनी सांगितलं, की मुलाला ‘तुला आई हवी का बाबा’ असं विचारायचंच नाही. त्याच्याबरोबर बसा, खेळा, आणि बघितलं तेवढंच लिहा. सरांनी मान डोलावली, वहीत टिपून घेतलं, जेवणातल्या पुरीभाजीचं कौतुक केलं आणि बाहेर पडल्या पडल्या चहावाल्याच्या चिमुरडीला विचारलं, “काय गं, आई आवडते का बाबा?” केतकीने अर्धा चहा तसाच ठेवला.

सर निवृत्त मुख्याध्यापक. कोर्टाने त्यांना समुपदेशक नेमलं होतं आणि केतकी त्यांच्या हाताखाली होती. त्यांचे अहवाल शाळेच्या दाखल्यासारखे असत, ‘वर्तणूक चांगली’ थाटाचे. माणूस मनाने वाईट नव्हता, हीच खरी पंचाईत होती, कारण नीट भांडताही येत नसे.

आता प्रश्न तेजस्वीचा होता. वय सहा. बाप युवराज हिंडलग्याला, आई माहेरी गुंजीला. पोरगी एरवी आईकडे, शनिवारी बापाकडे. सोमवारी अहवाल द्यायचा होता आणि पोरगी कुठे राहणार ते बरंचसं त्याच्यावरच ठरणार होतं. हिंडलग्याची भेट प्रशिक्षणाआधीच झाली होती. तिथे बापाच्या मांडीवर बसलेल्या पोरीला सरांनी विचारलं, तर ती म्हणाली, पप्पांजवळ.

गुंजीत तर सरांना विचारायचीही गरज पडली नाही. पाहुण्यांनी चपला काढायच्या आत आजी जयाबाईनं नातीला पुढे ढकललं आणि कुणाजवळ राहणार ते सांग म्हणाली. पोरगी म्हणाली, आईजवळ. घरादाराचा जीव भांड्यात पडला. सरांनी मात्र चष्म्यावरून केतकीकडे बघितलं आणि कागदावर लिहिलं, ‘मुलीस खोटे बोलण्याची सवय आहे. आईने पढवल्याचे दिसते.’

केतकीच्या मस्तकात तिडीक गेली. हे वाक्य कोर्टात गेलं की पोर लबाड ठरणार आणि आई कारस्थानी. तिने हळू आवाजात समजावून पाहिलं. सर शांतपणे म्हणाले, बघितलं तेच लिहिलंय, तुमच्या मॅडमनीच सांगितलंय तसं. केतकीला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

मग ती तेजस्वीला घेऊन अंगणात सागरगोटे खेळायला बसली. पोरीचा हात चांगला सराईत होता. पण केतकीचा गोटा चुकला, की पुढच्या खेपेला तीही मुद्दाम चुकायची आणि केतकी हसली का ते बघायची. केतकीने वही उघडली. हे कुठल्या शब्दांत लिहावं, ते तिला सुचेना.

निघायची वेळ झाली. पोहे-चहाने खूश झालेल्या सरांनी तेजस्वीच्या गालाला हात लावला, आणि कुठल्याही घरातून निघताना कुठल्याही पोराला म्हणतात तसं म्हणाले, “काय, येतीस का आमच्या घरी राहायला?”

सगळे हसले. तेजस्वीने सरांच्या तोंडाकडे नीट बघितलं.

“व्हय,” ती म्हणाली आणि आत गेली. बाहेर आली ती शनिवारी हिंडलग्याला नेते ती पिशवी घेऊन. पायात चपला घातल्या आणि सरांचं बोट धरून उभी राहिली.

हसणं थांबलं. तिची आई उंबऱ्यापर्यंत धावत आली. सरांनी केतकीकडे बघितलं. एरवी तिने काहीतरी बोलून त्यांना सोडवलं असतं.

“तुम्हीच सांगा तिला, सर,” ती म्हणाली. राग एवढा आला होता, की आणखी एक शब्द बोलली असती तर रडली असती.

सर गुडघ्यावर हात टेकत खाली बसले. मी आपलं गमतीनं विचारलं बाळ, म्हणाले. खरंच न्हाय जायचं.

तेजस्वीचा चेहरा उतरला. बोट तिने आणखी घट्ट धरलं.

“मग व्हय म्हणायचं नव्हतं?” तिने हळूच विचारलं. “काय म्हणू, सांगा की.”