बारा दरवाजे, त्यांत लाल एकही नाही

नाशिक रोडच्या त्रिवेणी अपार्टमेंटमध्ये बारा फ्लॅट आहेत आणि एकमत आजवर फक्त पाण्याच्या टाकीवर झालं आहे. यंदा इमारत रंगवायला काढली तेव्हा सेक्रेटरी शेखर खैरनारांनी ठराव आणला की सगळे दरवाजे शक्यतो हस्तिदंती करायचे. ठराव इंग्रजीत होता, कारण इंग्रजीला सभेत कोणी फाटे फोडत नाही. शेवटी एक जास्तीची ओळ होती: कोणताही दरवाजा ‘रेड’ असणार नाही. ती कोणासाठी हे विचारायची गरज नव्हती. लाल दरवाजा अख्ख्या इमारतीत एकच, पहिल्या मजल्यावर सात नंबरचा, चतुराबाई अहिररावांचा.

चतुराबाई सभेत बोलत नाहीत, चहा झाला की उठतात. त्या दिवशी बोलल्या.

“शेखर, आमच्या ह्यांना घर दारावरून सापडतं रे. बाकी काही आठवत नाही त्यांना.”

खरंच होतं ते. धोंडीरामकाकांनी मनमाडला चौतीस वर्षं रेल्वेत काढली. आता मुलाचं नाव सुटलंय, जेवलो की नाही तेही सुटलंय, पण लाल दिसलं की थांबायचं, हे सुटलेलं नाही. संध्याकाळी एक फेरी मारून येतात, जिना चढतात, लाल दारासमोर उभे राहतात. दार उघडलं की आत.

“काकू, नियम सगळ्यांना सारखा,” खैरनार म्हणाले. “आज तुम्हाला रेड दिला, उद्या कोणी काळा मागेल.”

तेव्हा चार नंबरच्या योगिनी देवरे मॅडमनी चष्मा वर केला. तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या आहेत. लोक तांब्याची भांडी जमवतात, या जुने शब्द जमवतात. फरक इतकाच की भांडी कोणी जेवताना ऐकवत नाही.

“ठरावात रेड आहे ना? मग काकूंना व्हर्मिलियन द्या.”

“तो लालच ना?”

“मुळात तो किडा. लॅटिनमध्ये व्हर्मिक्युलस म्हणजे बारका किडा. तसल्या किड्यांपासून रंग काढायचे.”

खैरनारांनी ठराव पुन्हा वरपासून वाचला. किड्याला मनाई नव्हती. मंजूर झालं, आणि चतुराबाई हात जोडून खाली बसल्या.

सभा इथेच संपती तर बरं झालं असतं. पण तीन नंबरच्या रविराज बोरस्तेंना ते लागलं.

“म्हणजे काकूंना लॅटिन आणि आम्हाला हस्तिदंती? आम्ही काय भाड्याने राहतो?”

बोरस्तेंची रक्त तपासायची लॅब आहे. मॅडमनी त्यांना ‘सँग्विन’ दिला, तोही जुना लालच, मूळ लॅटिनमध्ये रक्त. त्यावर बोरस्ते असे खूश झाले की बाकीचे अस्वस्थ झाले. येवल्याला पैठणीचं दुकान असलेल्या आठ नंबरवाल्यांनी ‘मरी’ घेतला, कारण त्याचं मूळ तुती, आणि रेशीम तुतीवरच पोसतं. दोन नंबरच्या कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांना ‘ग्यूल्झ’ मिळाला. मॅडमच्या मते त्याच्या मुळाशी घसा आहे. डॉक्टरांनी तो लगेच घशातून उच्चारून पाहिला. खैरनार शेवटपर्यंत टिकले, मग हळूच म्हणाले, “रजिस्टरवाल्या माणसाला काही आहे का?” होतं. ‘रूब्रिक’. मूळ गेरूची माती, आणि पूर्वी मथळे लाल शाईत लिहीत म्हणून तोच शब्द मथळ्यालाही. खैरनारांना गहिवरून आलं.

बाराच्या बारा नावं रजिस्टरात चढली. ठराव अबाधित राहिला: इमारतीत रेड दरवाजा एकही नाही.

रंगारी दत्तू पेठकडचा. त्याला यादी दिली तर त्याने ती डब्याखाली अंथरली.

“साहेब, लाल एकच आणलाय. नावं तुमची तुम्ही ठेवा.”

आठवड्यात बारा दरवाजे एकसारखे लालभडक झाले, आणि धोंडीरामकाका हरवले.

सोमवारी ते बोरस्तेंच्या दारात थांबले. बोरस्तेंच्या सुनेने, स्नेहलने, दार उघडलं. काका आत जाऊन बसले, भाकरी मागितली आणि बोरस्ते आल्यावर त्यांना विचारलं, “आपण कोण?” मंगळवारी पैठणीवाल्यांकडे आंघोळ केली. बुधवारी खैरनारांच्या पलंगावर झोपले. चतुराबाई रोज दारं वाजवत फिरायच्या, “आमचे हे आज कोणत्या रंगात आहेत?” गुरुवारी डॉक्टर दवाखान्यात होते आणि दोन नंबरला कुलूप. काका त्या दारासमोर दीड तास उभे होते. सिग्नल पडला नाही, म्हणून हलले नाहीत. चतुराबाईंना सापडले तेव्हा पाय सुजले होते.

शुक्रवारी त्यांनी घरोघरी जाऊन विनवलं, “निदान आमच्या मजल्यावरचे तरी लाल बदला.”

“आमचा लाल कुठाय, काकू?” पैठणीवाले म्हणाले. “आमची तुती आहे.”

“नियमात बसतंय सगळं,” खैरनार म्हणाले.

शनिवारी सकाळी चतुराबाईंनी दत्तूला बोलावलं आणि स्वतःचं दार बिजागरीपासून काढून गच्चीवर ठेवायला लावलं. पडदासुद्धा लावला नाही. खैरनार रजिस्टर घेऊन धावत आले. वाजवायला काही नसल्यामुळे चौकटीबाहेरच घुटमळले.

“काकू, हे काय? नुसतं उघडं ठेवायचं ना!”

“वाऱ्याने लागतं. लागलं की लाल.”

“आणि चोर आला तर?”

“चोराला घर सापडतं रे. काळजी ह्यांची आहे.”

दरवाज्याच्या रंगाचा ठराव नसलेल्या दरवाज्याला लागतो का, हे खैरनारांना रजिस्टरात सापडेना. ते उभ्याउभ्या पानं उलटत राहिले. संध्याकाळी चतुराबाई चौकटीत खुर्ची टाकून बसल्या. तिथून जिना थेट खालपर्यंत दिसत होता. काका आले आणि तळमजल्यावर दोन नंबरसमोर थांबले.

“अहो! लाइन मोकळी आहे, वर या!”

काका हलले. बोरस्तेंपाशी पुन्हा थांबले.

“पुढे!”

पाच नंबरशी थांबले, सहाशी थांबले. जिन्यात माणसं जमली होती, पण कोणी हसत नव्हतं. सातसमोर काकांनी समोर पाहिलं, बाजूला पाहिलं, थांबण्यासारखं काही दिसेना. सरळ आत आले, खुर्चीला वळसा घालून.

“दार कुठाय गं?”

“नाहीये.”

“बरं झालं,” काका चपला काढत म्हणाले. “त्याच्यापाशी रोज खोळंबावं लागायचं.”