सुट्टीचा नमुना

माझ्या मुलाचं औषधांचं दुकान आहे. कुठलीही गोष्ट जेवणाआधी की जेवणानंतर, हे ठरवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. त्यामुळे समुद्रावर चार दिवस निवांत जायचं असं घरात ठरलं, तेव्हा निवांतपणाचा डोसही त्यानंच लिहून काढला यात नवल नाही. नवल एवढंच, की तो सहा पानं झाला.

पानं त्यानं माझ्या हातात दिली. मी अक्षरं साठीनंतर शिकलो, त्यामुळे बोट ठेवून वाचतो. तसं वाचणाऱ्याला घाई करता येत नाही आणि काही गाळताही येत नाही.

"नऊ वाजता मुलांना क्रीम लावणे," मी मोठ्यानं वाचलं. "सव्वानऊ, क्रीम मुरण्याची वाट बघणे. साडेनऊ, टोप्या. नऊ चाळीस, वाळूत खेळ, कंसात मुक्त. दहा दहा, मुक्त खेळ बंद. अरे, वाट बघणं हे काम झालं का?"

"बाबा, मुरल्याशिवाय उपयोग नाही त्याचा."

सून दारातच उभी होती. ती शहरात बस चालवते. नुकतीच ड्यूटी संपवून आली होती, पायातले बूटही निघाले नव्हते.

"मला पाच वर्षांनी सलग चार दिवस रजा मिळतेय," ती म्हणाली. "सोमवारी डेपोत अर्ज द्यायचाय. मला एकच सांगा, या सहा पानांत मी टेकणार कधी?"

"अगं, दुपारी एक ते पावणेदोन विश्रांती आहे की. मुलं झोपली की."

"तुम्ही भेटलायत का त्यांना कधी?"

मुलं दोन. मोठी सहा वर्षांची, तिला आम्ही वकीलबाई म्हणतो. तिला नाही म्हटलं की ती कारण विचारते आणि कारण दिलं की ते खोडते. धाकटा तीन वर्षांचा. तो ज्या दिशेला निघाला त्या दिशेचं सगळं आडवं होतं, म्हणून त्याचं नाव रोलर.

"मला तिथं जाऊनही उठबसच करायची असेल," सून म्हणाली, "तर तुम्ही सगळे जा. मी घरी चार दिवस नुसती पडून राहते. अर्जात फरक पडत नाही, रजा ती रजा."

ती आत गेली. मुलगा माझ्याकडे बघू लागला. आईशिवाय ही दोन मुलं समुद्रावर नेणं म्हणजे काय, हे त्यालाही कळत होतं. मलाही कळत होतं, आणि मला तर जायचंच होतं.

मी चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. आमच्यात एक पद्धत आहे. अख्ख्या भिंतीला गिलावा करण्याआधी एका कोपऱ्यात हातभर नमुना करायचा. मालकानं बघायचा, बोट लावायचं, नाक मुरडायचं. तिथंच दोष कळला तर भिंत वाचते.

"सोमवारच्या आत नमुना करू," मी म्हणालो. "रविवारी, गच्चीवर. तासभराची सुट्टी. ती बघेल आणि मग ठरवेल."

समोरच्या रस्त्यावर इमारतीचं काम चाललंय. तिथला ठेकेदार माझ्याच हाताखाली थापी धरायला शिकलेला. त्याच्याकडे मी चार गोणी वाळू मागितली.

"मिस्त्री, या वयात काय बांधताय?"

"समुद्र," मी म्हणालो. त्यानं गोणी गच्चीवर पोचवल्या.

वाळू मी चाळून घेतली. हाताची सवय. वकीलबाई कमरेवर हात ठेवून बघत होती.

"आजोबा, चाळणीत शिंपलेपण अडकतात ना? मग ते कुठायत?"

"या वाळूत नव्हते."

"मग हा समुद्र नाही."

"नमुना आहे."

"मग नमुन्याचे शिंपले आणा."

मी स्वयंपाकघरातून सहा चमचे आणून वाळूत पुरले. प्रकरण मिटलं.

रविवारी नऊला आम्ही सगळे गच्चीत जमलो. एका बाजूला वाळू, दुसऱ्या बाजूला कपडे भिजवायच्या मोठ्या टबात समुद्र. सुनेसाठी मी घरातली सगळ्यात मऊ बैठकीची खुर्ची जिन्यातून वर चढवली होती. ती बसली. मुलगा हातात सहा पानं आणि मोबाइल घेऊन टाकीच्या कट्ट्यावर चढला. मोबाइलमध्ये त्यानं दर दहा मिनिटांचा गजर लावून ठेवला होता.

पहिला गजर झाला.

"क्रीम!" मुलगा कट्ट्यावरून म्हणाला.

सून उठली. रोलरला धरलं, तो सुटला, पुन्हा धरला. अर्धी बाटली त्याच्या एका पायावर संपली.

"नमनालाच घडाभर तेल," मी म्हणालो.

क्रीम मुरायच्या आत रोलर वाळूत लोळला. उठला तेव्हा कानापासून टाचेपर्यंत एकसारखा थर. गिलाव्याचा इतका घट्ट बसलेला पहिला हात मी आयुष्यात पाहिला नव्हता. पाणी मारायचीसुद्धा गरज नव्हती.

"अगं, पूस त्याला," कट्ट्यावरून आवाज.

सून उठली. पुसलं. मग टोप्या. मग वकीलबाईला तहान, मग तेच प्यालेलं पाणी बाहेर जायची घाई, म्हणजे दोन जिने खाली आणि दोन वर. मग रोलरनं समुद्र चाखला. मग वकीलबाईचा चमचा रोलरनं घेतला आणि कायद्याचा प्रश्न निर्माण झाला. दर वेळी कट्ट्यावरून सूचना आणि दर वेळी खुर्चीतून उठणारी एकच. उंटावरून शेळ्या हाकणं मी ऐकून होतो, त्या दिवशी टाकीवरून बघितलं.

तास संपायला आला तशी सून टबाच्या कडेला उभी राहिली. ओल्या हातानं कपाळावरची वाळू पुसली.

"माझ्या बसला तासाला बारा थांबे आहेत," ती शांतपणे म्हणाली. "इथं सतरा झाले. आणि तिथं निदान माणसं आपली आपण उतरतात."

मुलगा पानं चाळू लागला. "म्हणजे आपण क्रीमची वेळ थोडी मागे..."

"अहो, वेळ नका हलवू. ड्रायव्हर हलवा."

"म्हणजे?"

"खाली या. आता तुम्ही चालवा, मी प्रवासी. जमलं तर मी उद्या समुद्राच्या रजेचा अर्ज देते. नाही जमलं तर मी घरी झोपायची रजा घेते." एवढं बोलून ती खुर्चीत बसली, पाय लांब केले. "आणि प्रवाशानं ड्रायव्हरशी बोलू नये, अशी आमच्यात पाटी असते."

मुलगा कट्ट्यावरून उतरला. दुकानात पन्नास गिऱ्हाइकं एका वेळी सांभाळणारा माणूस, पण दोन पोरांपुढे उभा राहिला तेव्हा त्याला मोबाइल कुठं ठेवावा हेच सुचेना. त्यानं तो वाळूच्या कडेला ठेवला. तिथून रोलर गेला, म्हणजे मोबाइलही गेला.

पुढचा गजर वाळूतून आला.

"बाबा, समुद्र वाजतोय!" वकीलबाई किंचाळली.

तिघं खणायला लागली. आवाज इकडून येतोय म्हणावं तर तिकडून यायचा. रोलर दोन्ही हातांनी उकरत होता आणि उकरलेलं सगळं बापाच्या खिशात जात होतं. मुलगा गुडघ्यावर बसून हसायला लागला. टोप्या कधी उडाल्या त्याला कळलं नाही. मध्ये वकीलबाईला पुन्हा तहान लागली, तर खुर्चीकडे न बघता तोच उठला. रोलर रडला, तर त्यानंच उचलला. एकदा त्याचं तोंड "अगं" म्हणायला उघडलं. मी नुसतं बोट खुर्चीकडे केलं.

सून झोपली होती. मान एका बाजूला, तोंड जरासं उघडं, एक हात खाली लोंबणारा. माझ्या घरात आल्यापासून दिवसाउजेडी तिला झोपलेली मी पहिल्यांदा पाहत होतो. उन्हाचा पट्टा तिच्याकडे सरकायला लागला, तशी मी दोरीवरची चादर ओढून सावली केली आणि दोरीपाशीच थांबलो. ओल्या गिलाव्याला हात लावायचा नसतो.

"आजोबा, आईला उठवू?" वकीलबाईनं कुजबुजत विचारलं.

"नाही."

"का?"

"वाळतंय."

हे कारण तिनं कसं कोण जाणे, खोडलं नाही.

सून जागी झाली तेव्हा तिनं आधी मुलं मोजली. दोन्ही होती. नवरा टबाला टेकून बसला होता, केसांत वाळू, दाढीला क्रीम, मांडीवर रोलर घोरत.

"किती वाजले?"

"माहीत नाही," मुलगा म्हणाला. "मोबाइल सापडला नाही अजून."

तिनं पाय पुन्हा लांब केले.

"चारही दिवस असंच?"

"चारही. पण एक अडचण आहे. मला वेणी येत नाही."

"शिका," ती म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटले.

सोमवारी तिनं अर्ज दिला. डेपोतल्या साहेबांनी मंजूर केला. निघायला अजून बारा दिवस आहेत आणि आमचे चिरंजीव दुकानात जाण्याआधी रोज सरावाला बसतात. आज तिसरी वेणी झाली. वकीलबाईनं आरशात डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं आणि बापाच्या खांद्यावर थोपटलं.

"बाबा, चांगली आहे. पण शाळेत नको. समुद्रावर चालेल, तिथं आपल्याला कोणी ओळखत नाही."