सांडव्यावरचं जाळं

बतुकम्मेच्या, म्हणजे आमच्या फुलांच्या सणाच्या, शेवटच्या दिवशी आमच्या गावात एक बाई घरात सापडली तर शपथ! सगळ्या तळ्याच्या बांधावर. त्यात यंदा तळं काठोकाठ भरलेलं, कित्येक वर्षांनी सांडव्यावरून धो धो पाणी पडत होतं! तरवडाच्या पिवळ्या आणि कुर्डूच्या रंगवलेल्या फुलांचे मनोरे, त्यांनाही बतुकम्माच म्हणतात, डोक्यावर घेऊन आम्ही वाजतगाजत गेलो, टाळ्या देत फेर धरले, घसा बसेपर्यंत गायलो आणि दिवस कलला तशा साऱ्या बतुकम्मा पाण्यात सोडल्या. मी तर भान हरपून नाचले. हसू नका, दोन पोरांची आई असले म्हणून काय झालं?

आमचा बांध काकतीय राजांच्या वेळचा, मातीचा, पाण्याच्या बाजूनं दगड बसवलेला. त्याच्या पायथ्याशीच आमची कोळ्यांची गल्ली. तळ्यातला मासा आमच्या सोसायटीचा आणि सोसायटीचे चेअरमन आमचे मालक, ओदेलू. पाणी सांडायला लागलं की त्याच्याबरोबर मासाही पळतो, म्हणून त्यांनी सांडव्याच्या तोंडावर या खांबापासून त्या खांबापर्यंत जाळं ताणून बांधलं होतं. पळालेला मासा जातो कुठं? तर खालच्या चिंतलगट्टूच्या तळ्यात. आणि चिंतलगट्टू माझं माहेर! जाळं बांधताना सासूबाई बोलल्याच होत्या, "गाठी नीट मारा रे, आमच्या सुनेचा भाऊ तिकडं ताट घेऊनच बसलाय."

मलिदा वाटता वाटता मी एकदम थबकले. सांडव्याचा आवाज येईना. एवढा मोठा आवाज, आमच्या गाण्याच्या नादात कधी बंद पडला कळलंच नव्हतं. धावत जाऊन बघते तर काय, आख्ख्या गावाच्या बतुकम्मा वाहत जाऊन जाळ्याला थटलेल्या. वर जलपर्णीचा गच्च थर. पाण्याला जायला वाटच नाही, आणि वरच्या ओढ्यातून पाणी येतंच होतं. तळ्याकाठच्या मैसम्मादेवीच्या देवळाच्या खालच्या पायऱ्या बुडाल्या होत्या.

"जाळं सोडा!" मी ओरडले. "फुलं अडकलीत, पाणी चढतंय!"

बायका खिदळल्या. सासूबाईंना, म्हणजे लच्चव्वांना, तर आयतंच सापडलं. "आली बाई माहेरची आठवण! सणाला जायला मिळालं नाही, म्हणून मासे पाठवतेय."

"आत्याबाई, बांध फुटेल!"

"माझ्या आजेसासऱ्यांच्या आधीपासून उभा आहे तो. तुझ्या किंचाळण्यानं नाही फुटायचा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चारचौघांत मालकांचा हात धरला आणि त्यांना ओढत बांधाच्या मागच्या अंगाला खाली नेलं. तिथं चिंचेखाली कायम थोडं पाणी पाझरतं. नितळ असतं, पोरं त्यात पाय धुतात. आता तिथून लालभडक गढूळ पाणी उसळ्या मारत होतं. मी ओंजळ भरून त्यांच्या नाकासमोर धरली.

"ही माती कुठली सांगा. बांधाच्या पोटातली आहे ही. आतून पोखरत चाललंय!"

त्यांचा चेहरा उतरला. "अगं, पण चाळीस घरांचा वर्षाचा मासा आहे. त्यांना काय सांगू मी?"

"घरं राहिली तर सांगाल ना!"

धापा टाकत वर आलो. "जाळं तोडा रे!" ते ओरडले. खरंच ओरडले. पण गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "चेअरमन, बायकोनं कान भरलेले दिसतात!" झालं, आमचा गडी कमरेच्या सुऱ्यावर हात ठेवून तसाच उभा. मग मीच तो सुरा उपसला. खांबाला बांधलेला दोर पाण्यानं फुगून टणक झाला होता, एका घावात तुटेना. दोन्ही हातांनी सुरा धरून करवतीसारखा ओढला, ओढला, आणि ताडकन दोर सुटला!

काय सांगू तुम्हाला! जाळं गर्रकन फिरलं, फुलांचा ढीग उलथला आणि पाणी गर्जत सुटलं. त्यातून मासे! कटले, रोहू, हातहात लांब, उड्या मारत चाललेले. पोरं किंचाळत होती, म्हातारे "अरे, अरे!" करत कपाळावर हात मारत होते. मी ओरडत होते आणि रडतही होते. त्या माशांना मी रोज कोंडा घातला होता.

पाणी पायऱ्यांवरून उतरायला लागलं. मालकांनी गडी गोळा केले आणि चिंचेखाली वाळूची पोती रचायला धाडले. सासूबाईही खाली उतरल्या. आमच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत लाल चिखल आला होता. तो बघून वर आल्या आणि पोरांना आणखी पोती आणायला पिटाळू लागल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांना माझ्या बाजूनं उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं. हे सगळं पाणी, ही सगळी फुलं आता चिंतलगट्टूच्या तळ्यात. तिथल्या बायकांनीही आज बतुकम्मा सोडल्या असणार. आणि तिथल्या सांडव्यावर माझ्या भावाचं जाळं! मी त्याला फोन लावला.

"दादा, जाळं काढ! आत्ताच्या आत्ता! वरून लोंढा येतोय, सांडवा तुंबेल!"

कनकय्या हसतच सुटला. "आयते मासे दारात येताहेत आणि जाळं काढू? दाजींनी पढवलं वाटतं! पक्की सासरची झालीस गं तू!"

आणि फोन ठेवला. इकडं मी माहेरची, तिकडं मी सासरची! माझं डोकंच फिरलं.

"गाडी काढा," मी मालकांना म्हणाले. सुरा अजून माझ्या हातातच होता.

मोटारसायकल सुरू झाली तोच सासूबाई पदर खोचत आल्या आणि माझ्यामागं चढून बसल्या.

"सरक पुढं," त्या म्हणाल्या. "तुझं कुणी ऐकत नाही. माझ्या तोंडापुढं तुझा भाऊ किती टिकतो, तेच बघते मी."